गुलाबी रंगाखालचा राखाडी : रोकोको तैलचित्रातली उमराव स्त्री

म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा बूशे यांनी १७५६ साली रंगवलेलं मादाम द पॉम्पादूर यांचं तैलचित्र आहे. जवळजवळ दोन मीटर उंच, दीड मीटरहून रुंद. हिरवट निळ्या रेशमी झग्यातली बाई कोचावर रेलून बसली आहे, हातात उघडं पुस्तक आहे आणि नजर आपल्याकडे नाही, बाजूला कुठेतरी आहे. झग्यावर गुलाबाची फुलं, छातीवर गुलाबी फितींच्या गाठींची उतरंड, पायाशी कुत्रं. रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या फ्रान्समधली नाजूक, सजावटी शैली; त्या काळात उमराव स्त्रीचं व्यक्तिचित्र कसं घडत असे, हे एकाच चित्रावरून शिकायचं असेल तर हेच घ्यावं.

ही चित्रं बऱ्याच जणांना नुसती गोड वाटतात. पण अशा चित्रातला तळहाताएवढा तुकडा जरी उतरवायला घेतला, तरी कळतं की त्यात खरा गुलाबी रंग फार थोडा आहे. कानशिलं, हनुवटीची कड, मानेचा उतार, पावडर लावलेले केस, लेस, रेशमाच्या चुण्यांतल्या सावल्या हे सगळं वेगवेगळ्या राखाडी छटांनी भरलेलं असतं. गाल टवटवीत दिसतो तो शेजारी थंड राखाडी आहे म्हणून. तो राखाडी बिघडला की अख्खं चित्र बिघडतं. मग ते रंगवताना बिघडो, नाहीतर अडीचशे वर्षांनी.

बाई कोण, आणि आजूबाजूला इतक्या वस्तू कशाला

१७१५ मध्ये चौदावा लुई वारला. बालराजाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या ऑर्लेआँच्या ड्यूकने दरबार व्हर्सायहून पॅरिसला हलवला आणि उमरावांनी शहरात वाडे बांधले. त्यांतल्या खोल्या राजवाड्याच्या दालनांपेक्षा लहान होत्या. भिंतींवर फिकट रंगाची लाकडी फळ्यांची सजावट, तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी, जागोजागी आरसे, रात्री मेणबत्त्यांचा उजेड. अशा खोलीत काळपट पार्श्वभूमीचं, गडद सावल्यांचं चित्र लावलं तर भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. रोकोको चित्रांचा उजळपणा आला तो आधी या खोल्यांच्या गरजेतून, हे लक्षात ठेवावं.

पॉम्पादूर जन्माने उमराव नव्हत्या. १७२१ मध्ये पॅरिसमध्ये एका मध्यमवर्गीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १७४५ मध्ये त्या पंधराव्या लुईच्या अधिकृत प्रेयसी झाल्या आणि त्याच वर्षी राजाने त्यांना मार्कीझ ही उमरावपदाची पदवी दिली. १७५०च्या सुमारास शरीरसंबंध संपले, पण दरबारातलं त्यांचं वजन कमी झालं नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये तर राणीच्या सेवेतल्या मानकरी स्त्रियांमध्ये त्यांची नेमणूक झाली. बूशेंचं चित्र त्याच वर्षीचं आहे आणि पुढच्या वर्षी, १७५७ मध्ये, ते लूव्रमधल्या सलों या जाहीर प्रदर्शनात लोकांपुढे मांडलं गेलं.

म्हणून त्यातली एकेक वस्तू निवडून ठेवलेली आहे. शेजारच्या छोट्या मेजाचा खण अर्धवट उघडा आहे, दौतीत पीस आहे, मेणबत्ती आहे, पत्र आहे, मोहोर लावायचं सामान आहे. म्हणजे या बाईचा पत्रव्यवहार मोठा आहे आणि तो बंद होतो तिच्या शिक्क्याने. मागच्या आरशात पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि त्यावरचं घड्याळ दिसतं. जमिनीवर चित्रांचे कागद आहेत, कारण त्या स्वतः छापचित्रं कोरायला शिकल्या होत्या आणि बूशेंची त्यात मदत असे. वर्षभर आधी मोरिस कांतां द ला तूर यांनी खडूरंगात त्यांचं जे मोठं चित्र पुरं केलं, ते आज लूव्रमध्ये आहे. त्यात तर मेजावर ज्ञानकोशाचा चौथा खंड आणि माँतेस्किएचा कायद्यावरचा ग्रंथ नावं वाचता येतील असे मांडले आहेत. बूशे इतकं उघड बोलत नाहीत. त्यांनी सगळा भार रेशमावर टाकला आहे, आणि तैलरंगात तेच शहाणपणाचं होतं असं आमचं मत आहे.

त्या काळात दुसरीही एक पद्धत जोरात होती. जाँ-मार्क नातिए उमराव स्त्रियांना ग्रीक-रोमन देवतांच्या रूपात रंगवत. १७४४ सालची त्यांची शोन्येची डचेस ही हीबी देवी बनून ढगांवर बसली आहे. त्या सोंगात चेहरे एकमेकींसारखे होतात. बूशेंच्या चित्रात देवता नाही, घरातली खोली आहे, म्हणून ते आजही वाचता येतं.

कॅनव्हासपासून चेहऱ्यापर्यंत

लिननचं कापड चौकटीवर ताणायचं, त्यावर सरस द्यायचा, मग अस्तर, म्हणजे रंगकामाखालचा पायाचा थर. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये बरेचदा दुहेरी अस्तर देत: खाली गेरूसारख्या लाल मातीचा थर, त्यावर शिशाचा सफेदा आणि थोडा काळा मिसळून राखाडी थर. लाल थर कापडाची भोकं बुजवतो आणि स्वस्त पडतो. राखाडी थर चित्रकाराला आयती मधली छटा देतो. त्याच्यापेक्षा उजळ ते वर रंगवायचं, गडद ते खाली ढकलायचं, आणि जिथे राखाडीच हवा तिथे अस्तर तसंच उघडं सोडायचं.

त्यानंतर कच्चं रंगकाम. पातळ रंगाने आकार आणि उजेड-सावली बसवतात, तपशील अजिबात नाही. ते वाळलं की दुसरा, भरीव थर. शेवटी तेलात पातळ केलेल्या पारदर्शक रंगाचा हात, ज्याला ग्लेझ म्हणतात. तैलरंगाचा सगळा नियम या क्रमात आहे: पातळावर तेलकट, तेलकटावर पातळ कधीही नाही. तेल जास्त असलेला थर हळू वाळतो आणि लवचीक राहतो. तो खाली आणि पटकन वाळणारा थर वर असं झालं, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि वरच्याला भेगा पडतात.

चेहऱ्यावर उजेड जवळपास समोरून असतो. नाकाची सावली लहान, डोळ्यांच्या खोबणी उथळ. सावली नाही तर गोलाई दाखवायची कशी? रंगाच्या थंड-उष्णपणाने. कपाळ, नाक आणि गालाचा वरचा भाग सफेदा, पिवडी (यलो ऑकर) आणि लाल हिंगुळाच्या उबदार मिश्रणाने. तिथून चेहरा वळायला लागला की राखाडी अर्धछटा, जी काळा आणि पांढरा मिसळून येते; उबदार रंगाशेजारी ती निळसर दिसते, निळा रंग न घालताही. आणि जिथे खरी सावली आहे, म्हणजे नाकपुडी, ओठांमधली रेघ, पापणीची कड, बोटांच्या फटी, तिथे पुन्हा उबदार लाल. हे सतराव्या शतकातल्या फ्लेमिश चित्रकार रूबेन्सकडून आलेलं आहे. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्यात रूबेन्सने राणी मारी द मेदिचीसाठी केलेली चित्रमालिका होती आणि फ्रेंच चित्रकारांच्या कितीतरी पिढ्या तिच्यासमोर उभं राहून शिकल्या. नाकपुडीत काळा भरला की चेहरा मातकट होतो. लाल भरला की आत रक्त आहे असं वाटतं.

गालावरचा लाल ठिपका मात्र लाज किंवा आरोग्य नाही. फ्रेंच दरबारात गालावर लाली उघडपणे, गोल आणि ठसठशीत लावायची रीत होती आणि ती दर्जाची खूण होती. चित्रकार त्वचा रंगवतो तसा त्वचेवर चढवलेला रंगही रंगवतो. म्हणून तो लाल गालाच्या हाडाखाली नैसर्गिक लालीसारखा विरत नाही, डोळ्यांच्या जवळपास वर जातो. अर्धछटा वाळल्यावर किरमिजी लाखेचा (किड्यांपासून केलेल्या पारदर्शक लाल रंगाचा) पातळ ग्लेझ देऊन तो आणतात. पांढऱ्यात लाल कालवून थापला तर गाल खडूसारखा दिसतो.

उमराव स्त्री दिवसचे दिवस बसून राहत नसे. चेहऱ्यासाठी तीन-चार बैठका, एकेक दीड तासाची, फार तर दोन, असा हिशेब पुढे चित्रकार एलिझाबेथ विजे ल ब्रँ यांनी नवशिक्या चित्रकारांना दिलेल्या सल्ल्यात आहे. झगा लाकडी पुतळ्यावर चढवून बाकीचं काम सावकाश चाले. याचा सर्वांत ठळक पुरावा लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथल्या फ्रांस्वा-युबेर द्रुए यांच्या चित्रात पॉम्पादूर भरतकामाच्या चौकटीशी बसल्या आहेत. त्यांचं डोकं एप्रिल १७६३ मध्ये कॅनव्हासच्या वेगळ्या चौकोनी तुकड्यावर रंगवलेलं आहे आणि तो तुकडा मोठ्या कॅनव्हासमध्ये बसवलेला आहे. १५ एप्रिल १७६४ रोजी त्या वारल्या. चित्र पुरं झालं मे महिन्यात.

झगा समजला नाही तर चित्र फसतं

हा झगा म्हणजे एक कपडा नाही. आत बलीनच्या, म्हणजे व्हेलच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांच्या, काड्या घातलेली घट्ट काचोळी. कंबरेला दोन्ही बाजूंना फुगवणारा सांगाडा. त्यावर परकर. वर पुढून उघडा झगा, ज्याच्या पाठीवर मानेपासून जमिनीपर्यंत सैल पट्ट्या सुटतात. झग्याच्या दोन कडांच्या मधली छातीवरची जागा भरायला त्रिकोणी पट्टा, तो टाचण्यांनी काचोळीला टोचलेला. पॉम्पादूरच्या गुलाबी गाठी याच पट्ट्यावर आहेत, वर मोठ्या आणि खाली लहान होत गेलेल्या. कोपरापर्यंत घट्ट बाही आणि तिथून दोन-तीन पदरी लेसच्या झालरी.

नक्कल करताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पट्टा आणि झगा एकच कापड समजून रंगवला की गाठी हवेत तरंगतात. पट्ट्याच्या दोन्ही कडांना झग्याची बारीक सावली पडलीच पाहिजे. दुसरी चूक पाठीची. काचोळीत कंबर वाकत नाही. बाई रेलते ती माकडहाडापासून, अख्खं धड सरळ ठेवून. खांदे मागे आणि खाली ओढलेले, म्हणून मान लांब दिसते. कंबरेत बाक दिला की ती आजच्या काळातली बाई होते. तिसरी चूक केसांची: १७५०च्या दशकात केस डोक्याला चापून, लहान असतात. हातभर उंच केशरचना आली ती १७७०च्या दशकात.

आता रेशीम. बूशेंच्या झग्याचं कापड टाफेटासारखं कडक आहे, चुणी मोडते तिथे टोकदार त्रिकोण होतात आणि चमक तुटक, आखूड पडते. सॅटिनची चमक लांब, वाहती असते. मखमल उलटी वागते: कड उजळ आणि मधला भाग गडद. कापड ओळखल्याशिवाय ब्रश लावू नये.

एक बाही घ्या. आधी सगळ्या बाहीभर मधली छटा पसरायची, प्रशियन ब्लू, थोडी पिवडी, थोडा काळा आणि भरपूर सफेदा. ती ओली असतानाच चुण्यांच्या खोलगट भागात गडद छटा ओढायची आणि उंचवट्यांवर उजळ. इथे थांबून वाळू द्यायचं. मग चमक: जाडसर सफेदा, त्यात पिवळ्याचा किंचित अंश, ब्रश एकदा टेकवून उचलायचा, पुन्हा त्यावर फिरवायचा नाही. दुसऱ्यांदा फिरवलात की खालचा रंग मिसळून चमक मरते. सर्वांत शेवटी परावर्तित उजेड. गुलाबी फितीशेजारच्या हिरव्या सावलीत गुलाबीचा अगदी पुसट हात. हा हात विसरला तर फिती आणि झगा दोन वेगळ्या चित्रांतले वाटतात. दिला की सगळं एका खोलीत येतं. बूशेंच्या चित्रात डोळ्याला जे सुख वाटतं त्यातलं बरंचसं या परावर्तनांत आहे.

लेसचा धागान् धागा काढायचा नसतो. हाताची त्वचा पूर्ण वाळल्यावर तिच्यावर राखाडी सफेदा कोरड्या ब्रशने अर्धपारदर्शक घासतात, मग कडेच्या कमानी आणि फुलांचे फुगवटे जाड पांढऱ्या ठिपक्यांनी, आणि काही मोजक्याच जागी भोकं म्हणून त्वचेचा रंग. उजेडाच्या बाजूची झालर तपशिलात, सावलीतली नुसती धुरकट. दोन्हीकडे सारखाच तपशील भरला तर कागदाची लेस दिसते.

टीका तेव्हाही झाली. सलोंमध्ये हे चित्र पाहून त्या काळचा समीक्षक फ्रीडरिश मेल्खिओर ग्रिम याने ते दागदागिने आणि फितींनी लादलेलं असल्याचं लिहिलं. मुद्दा रास्त आहे; मात्र लांबून बघितलं तर एवढ्या पसाऱ्यातही चेहरा पहिल्यांदा दिसतो, कारण गुळगुळीत, न तुटलेली उबदार जागा चित्रात ती एवढीच आहे.

काळाने काय बदललं

रंग टिकतातच असं नाही. किरमिजी आणि मंजिष्ठेच्या लाखा उजेडाने उडतात. इंग्लंडमध्ये जोशुआ रेनॉल्ड्स यांची कितीतरी व्यक्तिचित्रं यामुळेच पांढुरकी झाली; खालची राखाडी अर्धछटा उरली आणि वरची लाली गेली. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडला, १७२४ मध्ये त्याची कृती छापली गेली आणि लाजवर्दापासून केलेल्या महागड्या निळ्याला स्वस्त पर्याय मिळाला. पण भरपूर पांढरा घालून केलेल्या त्याच्या फिक्या छटा उजेडात विटू शकतात. शिशाचा सफेदा तेलाशी रासायनिक संयोग होऊन हळूहळू पारदर्शक होतो, मग आधी काढून झाकलेली बोटं किंवा फितीची जुनी जागा वर दिसायला लागते, गडद अस्तर वर येतं. व्हार्निश पिवळं पडतं, आणि पिवळ्यातून पाहिलेला निळा हिरवा होतो. यात भर घालतात जुन्या दुरुस्त्या: कापड कमकुवत झालं की मागे दुसरं कापड चिकटवून गरम इस्त्री फिरवत, आणि त्या दाबाने रेशमावरची जाड चमक चपटी होई.

स्वतः उतरवून बघायचं असेल तर

पूर्ण आकृतीच्या मागे लागू नका. ४० × ५० सेंटिमीटरचा कॅनव्हास घ्या आणि चेहरा, मान, छातीवरची पहिली गाठ एवढंच करा. बाजारातल्या पांढऱ्या प्राइम केलेल्या कॅनव्हासवर राखाडी अस्तर स्वतः द्या: पांढरा, आयव्हरी ब्लॅक आणि चिमूटभर रॉ अंबर (तपकिरी मातीचा रंग). शुद्ध पांढऱ्याला दहा आणि काळ्याला एक धरलं तर छटा सहा-सातच्या आसपास हवी. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात केली तर प्रत्येक रंग गडद वाटतो आणि हात घाबरत घाबरत फिका रंग लावतो.

शिशाचा सफेदा विषारी आहे. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये आणि त्याची कोरडी पूड तर घरात आणूच नये. टिटॅनियम व्हाइट चालतो, पण तो फार झाकतो आणि थंड आहे, त्यामुळे अंदाजापेक्षा निम्माच घ्या आणि चिमूटभर पिवडीने ऊब द्या. झिंक व्हाइट जाड थरात ठिसूळ होतो, तो टाळा. हिंगुळाऐवजी कॅडमियम रेड लाइट, किरमिजी लाखेऐवजी क्विनाक्रिडोन रोझ. हे दोन्ही उडत नाहीत. प्रशियन ब्लू टाचणीच्या डोक्याएवढा घ्यायचा, कारण तो सगळं खाऊन टाकतो.

त्वचेच्या उजळ भागासाठी आठ भाग पांढरा, एक भाग यलो ऑकर, अर्धा भाग लाल. अर्धछटेसाठी सहा भाग पांढरा, एक भाग आयव्हरी ब्लॅक, ऑकरचा अंश. दोन्ही ढीग पॅलेटवर शेजारी ठेवून आधी तिथेच तपासा: उजेड आणि अर्धछटा यांच्यात गडदपणाचा फरक थोडा, थंड-उष्णाचा फरक जास्त. उलटं झालं असेल तर चेहऱ्याला मळ लागल्यासारखं दिसणार. पहिला थर थोड्या टर्पेंटाइनमध्ये, दुसऱ्याला एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन, शेवटच्या ग्लेझला निम्मं-निम्मं. खिडक्या उघड्या ठेवा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात वाळण्याचा वेळ लांबतो आणि आयव्हरी ब्लॅक मुळातच आळशी आहे. बोटाने हलकं टेकवून रंग चिकटत नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढचा थर देऊ नका. दमट हवेत कापड सैल पडतं, मागच्या खुंट्या ठोकून पुन्हा ताणावं लागतं. कॅनव्हास भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा खेळली नाही तर बुरशी धरते. व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबूनच.

संदर्भासाठी संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं मोठं छायाचित्र वापरा आणि रंग जुळवण्याआधी लेस, डोळ्यांचा पांढरा भाग आणि मनगटावरचे मोती बघा. तिन्ही एकसारखे पिवळे असतील तर तो पिवळा व्हार्निशचा किंवा कॅमेऱ्याचा आहे. मग झगा दिसतो त्यापेक्षा थोडा निळा मिसळा आणि अर्धछटेतला ऑकर कमी करा.